नाव कापताना बरं सापडतं घर!

‘योजना ढीगभर आहेत हो, पण लोकांना माहितीच नसते.’ हे वाक्य जिल्हा कचेरीतल्या चहापासून सेवाभावी क्लबांच्या व्यासपीठापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. वर्तमानपत्रांचे अग्रलेख, निवृत्त अधिकाऱ्यांची पुस्तकं, सीएसआरवाल्यांचे अहवाल, सगळ्यांचं या एका मुद्द्यावर एकमत. हे वाक्य सोयीचं आहे, कारण त्यात कुणालाच दोष लागत नाही. सरकार उदार, अधिकारी कामसू, तिजोरी उघडी. अडलंय ते फक्त गरिबाच्या अज्ञानापाशी. मग उपायही स्वस्तातले सुचतात. पत्रकं वाटा, पथनाट्य बसवा, ॲप काढा, एका खिडकीत सगळ्या योजना दाखवा.

माहिती नसते हे खरं आहे. ते कारण मात्र नव्हे.

2024 च्या पावसाळ्यानंतर तरी हा युक्तिवाद कुणी करू नये. 28 जूनला महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली. महिना दीड हजार, वय 21 पासून, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पहिल्या दोनतीन दिवसांत सेतू केंद्रांबाहेर बायकांच्या रांगा लागल्या, कारण अधिवासाचा दाखला मागितला होता. सरकारने काय केलं? ‘आधी जनजागृती करू’ म्हटलं नाही. 3 जुलैला सुधारित आदेश निघाला. अधिवासाचा दाखला नसेल तर जुनं रेशनकार्ड चालेल, मतदार ओळखपत्र चालेल, शाळा सोडल्याचा दाखला चालेल. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. अंगणवाडी सेविकांना अर्जामागे 50 रुपये देऊ केले, मुदत वाढवली, आणि राखीपौर्णिमेच्या आधी खात्यात दोन महिन्यांचे तीन हजार जमा व्हायला लागले. थोड्याच काळात दोन कोटींहून अधिक बायका यादीत आल्या. त्यात निरक्षर होत्या, पाड्यांवरच्या होत्या, कधी तहसीलची पायरी न चढलेल्याही होत्या.

नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, म्हणून हे घडलं, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. माझा मुद्दा त्याने उलट पक्का होतो. सरकारला गरज असली की ‘अडाणी’ माणूस आठवड्याभरात सापडतो, आणि कागदाची अट आठवड्याभरात गळून पडते. गरज गरिबाला असली की तोच माणूस ‘जागरूक नाही’ ठरतो.

आता याच राज्यातली, याच दीड हजारांची दुसरी योजना बघा. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने खचलेले, अशांसाठी. 2023 साली मदतीची रक्कम हजारावरून दीड हजार केली, हे चांगलं झालं. पण उत्पन्नाची अट त्याही वेळी वर्षाला 21 हजारच ठेवली. अपंगांना थोडी सवलत आहे, बाकीच्यांना हीच. लाडक्या बहिणीला अडीच लाख आणि निराधार विधवेला 21 हजार. जिला कुणी नाही तिने जवळजवळ बारा पट जास्त गरीब असल्याचं सिद्ध करायचं, तेव्हा तेवढेच पैसे मिळायचे!

21 हजार म्हणजे किती, याचा हिशोब सरकारच्याच दराने करू. 2024-25 साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला 297 रुपये होता. 71 दिवस काम केलं की 21 हजारांची मर्यादा ओलांडली. आणि रोजगार हमीच्या कायद्याने वर्षाला हमी दिली होती 100 दिवसांची. म्हणजे सरकारने स्वतःचा एक कायदा नीट पाळला, तर ती बाई सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून बाद होते. मग प्रत्यक्षात काय होतं? तलाठी 21 हजारांच्या आतला आकडा लिहितो. तो खोटा आहे हे त्याला ठाऊक, तिला ठाऊक, नायब तहसीलदारालाही ठाऊक. चार घरची धुणीभांडी करणारी बाई वर्षाला एवढ्यात जगू शकत नाही, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पण त्या खोट्या आकड्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही, आणि तो आकडा लिहिणं ही तलाठ्याची मेहेरबानी ठरते. मेहेरबानीचा दर तालुक्यागणिक वेगळा.

‘माहिती नाही’वाल्यांना मी विचारतो, तिला नेमकी कोणती माहिती द्यायची? रेशनवर प्राधान्य कुटुंब म्हणून धान्य हवं तर खेड्यात 44 हजार, शहरात 59 हजार. निराधार व्हायचं तर 21 हजार. मुलाला शिक्षण हक्काच्या 25 टक्क्यांत घालायचं तर एक लाख. धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण म्हणून फुकट खाट हवी तर एक लाख 80 हजार. आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण हवं तर आठ लाख! एकाच राज्यात, एकाच वर्षी, एकच कुटुंब एका टेबलावर गरीब आणि दुसऱ्या टेबलावर सुखवस्तू. ही मापं कुणी ठरवली, एकमेकांशी कधी ताडून पाहिली का, याचा पत्ता नाही. हा गोंधळ पाठ करणं म्हणजे ‘जागरूकता’ असेल, तर ती सचिवालयातल्या किती जणांकडे आहे? मला विचाराल तर योजनांचं कोडं सोडवून दाखवणारी ॲपं ही या गोंधळाला दिलेली मान्यता आहे. कोडं तसंच ठेवायचं, आणि उत्तरं सांगणारा वाटाड्या नेमायचा.

तालुक्याच्या कचेरीत ‘संगायो’ नावाची एक शाखा असते. संजय गांधी योजना, पण तिथे सगळे संगायोच म्हणतात. दुपारी बारानंतर तिथे उभं राहून बघा. साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात आधार, पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. सगळ्याच्या तीनतीन झेरॉक्स. पलीकडून कारकुनाचा आवाज. ‘मावशी, उत्पन्नाचा दाखला मार्चला संपला. नवा काढा.’ ‘आधारावर जन्मतारीख 1 जून आहे, शाळेच्या दाखल्यावर वेगळी. दुरुस्त करून आणा.’ ‘रेशनकार्डातून मयताचं नाव कमी केलं का? केलं असेल तर त्याची प्रत जोडा.’ नाव कमी करणारी पुरवठा शाखा त्याच इमारतीत असते. पुष्कळदा शेजारच्या खोलीत. दोन खोल्यांमधल्या भिंतीपलीकडचा कागद आणायला त्या बाईने रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून पुन्हा यायचं. हल्ली दोन्ही खोल्यांत संगणक आहेत, म्हणून एवढंच बदललं की आता ‘सर्व्हर डाऊन आहे’ असंही सांगता येतं.

कारकुनाला झोडपण्यात मला रस नाही. एका टेबलावर शेकड्यांनी प्रकरणं, वर निवडणुकीचं काम, पीकपाण्याचे पंचनामे. तो नियमाने चालतो, आणि नियम असा केला आहे की पुरावा गोळा करायची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर. सरकारने स्वतःच दिलेले कागद सरकारलाच परत आणून दाखवायचे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ असूनही बाहेर टपरीवर स्टॅम्प पेपर खपतो, तोही याच जबाबदारीच्या जोरावर. एका कागदासाठी आधीच दोनदा परत पाठवलेली बाई पैसे वाचवायला वाद घालत बसत नाही.

याहून बोलकं उदाहरण राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेचं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला 18 ते 59 वयाचा कमावता माणूस गेला, तर कुटुंबाला एकरकमी 20 हजार मिळतात. या योजनेचं नाव किती जणांनी ऐकलंय? फार नाही, कबूल. पण बारकाईने बघा, ऐकण्याची गरजच काय होती? खेड्यात मृत्यूची नोंद 21 दिवसांत ग्रामपंचायतीत करायची असते आणि निबंधक असतो ग्रामसेवक. दारिद्र्यरेषेची यादीही त्याच कपाटात. मेलेल्याचं वय नोंदवहीत, घर यादीत, बायकोचं नाव रेशनकार्डावर. सरकारच्या हातात त्या दिवशी सगळं आहे. तरीही ती बाई तेराव्यानंतर स्वतः उठून, योजनेचं नाव शोधून, अर्ज मिळवून, त्याच ग्रामसेवकाकडून दाखला घेऊन तहसीलला गेली नाही, तर ती अडाणी!

त्यात ती यादीसुद्धा 2002 सालच्या सर्वेक्षणाची. ज्यांचं लग्न त्यानंतर झालं, जे वेगळे निघाले, जे त्या वर्षी बरं चाललंय म्हणून यादीबाहेर राहिले आणि पुढे बुडाले, त्यांनी काय करायचं? यादीत नाव सासऱ्याचं, सासरा वारलेला, घर तिघा भावांत वाटलेलं. नवरा गेलेल्या सुनेला ‘बीपीएल’ सिद्ध करायला त्या जुन्या कागदात स्वतःला शोधावं लागतं. रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, महाराष्ट्राचा वाटा सुमारे सात कोटी माणसांचा, आणि तो ठरला 2011 च्या जनगणनेवर. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. म्हणून नवं कुटुंब सगळ्या अटींत बसत असलं तरी पुरवठा शाखेत उत्तर मिळतं, ‘इष्टांक शिल्लक नाही.’ म्हणजे कुणी तरी मेलं किंवा कुणाचं नाव कापलं, की तुमचा नंबर. इथे जागरूकतेचा कसलाही संबंध नाही. माणूस पूर्ण जागरूक असतो, कागद पूर्ण असतात, आणि जागा नसते.

आता दुसऱ्या बाजूचा मोठा आक्षेप. ‘दार सताड उघडलं तर बोगस लाभार्थी घुसतात. लाडक्या बहिणीचंच बघा.’ बघूच. 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी सांगितलं की 26 लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचं आढळून त्यांचे हप्ते थांबवले. त्यांत पुरुषही निघाले. आक्षेपात तथ्य आहे, ते मी झाकत नाही. पण हे 26 लाख सापडले कसे? कुणी घरोघर अर्ज मागवले का, की ‘तुम्ही अपात्र आहात का ते कागद जोडून कळवा’? नाही. इतर खात्यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. परिवहन खात्याकडे चारचाकी कुणाची, पगारपत्रकात नोकरी कुणाची, दुसऱ्या योजनेचा लाभ कुणाला, हे सगळं जुळवलं.

म्हणजे जुळवता येतं तर! नाव कापायचं असलं की खात्यांमधल्या भिंती पडतात, संगणक एकमेकांशी बोलतात, आणि बाईला तहसीलला यावं लागत नाही. हप्ता बंद पडला की तिला आपोआप कळतं. नाव घालायचं असलं की त्याच भिंती पुन्हा उभ्या राहतात. मृत्यूची नोंदवही रेशनशी बोलत नाही, रेशन निराधारशी बोलत नाही, आणि ‘माहितीचा अभाव’ नावाचा रोग जनतेत पसरलेला आढळतो. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ या एका विषमतेत आहे. तिला तांत्रिक अडचण म्हणणं ही शुद्ध लबाडी.

कुणी म्हणेल, सगळ्या नोंदी जोडल्या तर नागरिकांवर पाळत राहील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तेलंगणात नावं जुळवणाऱ्या यंत्रणेवर विसंबून रेशनकार्डं रद्द झाली, नामसाधर्म्याने गरिबाला गाडीमालक ठरवल्याची प्रकरणं पुढे आली आणि रद्द कार्डांची पुन्हा पडताळणी करायला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. धडा काय? यंत्राने घर सुचवावं, कापू नये. सुचवण्यात चूक झाली तर एखादी बाई ‘मला गरज नाही’ म्हणेल. कापण्यात चूक झाली तर चूल थंड पडते. आज आपल्याकडे नेमकं उलटं चालू आहे. कापण्याच्या कामी यंत्र, सुचवण्याच्या कामी पत्रक.

आणि कागदांच्या गाळणीशिवाय गरिबाला ओळखता येत नाही, हे महाराष्ट्राने तरी बोलू नये. 1972 च्या दुष्काळात इथे रोजगार हमीची कामं निघाली. वि. स. पागे यांनी धरलेला आग्रह पुढे 1977 च्या कायद्यात उतरला. त्या योजनेचं मर्म असं की गरिबीचा दाखला मागायची गरजच नव्हती. भर उन्हात खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला जो येईल तो गरजू. बागायतदार येत नव्हता. बोगस हजेऱ्या तिथेही लागल्या, पण त्या लावणारे मजूर नव्हते, हजेरीपट लिहिणारे आणि लिहवून घेणारे होते. खर्चासाठी 1975 साली पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. आजही पगारपत्रकात दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात ते त्याचेच. ‘फुकट्यांना पोसतो’ म्हणून व्हॉट्सॲपवर कळवळणाऱ्या कितीजणांना आपल्या पगारातल्या त्या ओळीचं मूळ माहीत आहे? माहितीचा अभाव हा काही गरिबांचाच मक्ता नाही.

दुसरं उदाहरण ताजं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पूर्वी रेशनकार्डाचा रंग बघत. आता ती राज्यातल्या सगळ्यांसाठी खुली आहे. रुग्णालयाच्या दारात पिवळं-केशरी-पांढरं हा एक प्रश्न कमी झाला. बाकीचे प्रश्न उरले आहेत, पण हा गेला. गाळणी काढता येते. काढायची की नाही एवढंच ठरवायचं असतं.

मग गाळणी का टिकते? कारण तिच्यावर पुष्कळांची पोटं चालतात. बांधकाम कामगाराचं बघा. कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सकाळी नाक्यावर थापी आणि ओळंबा घेऊन उभा असलेला गवंडी आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याला 90 दिवसांचा कागद कोण देणार? ठेकेदाराने दिला तर उद्या कायदेशीर देणी अंगावर यायची. मग एजंट येतो. कागद तो आणतो, नोंदणी तो करतो, मंडळाकडून मिळणाऱ्या भांड्यांच्या संचाचा नंबर तो लावतो, आणि आपला वाटा घेतो. यात ज्याने कधी वीट उचलली नाही तोही ‘कामगार’ होतो, आणि नाक्यावरचा खरा तसाच राहतो. इमारतींच्या खर्चावर एक टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने गोळा होतो. तो न खर्चता साठवून ठेवल्याबद्दल 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे कान उपटले आहेत. कडक कागदाने बोगस माणूस अडत नाही. कागद जितका कडक तितका एजंट महाग, आणि एजंट परवडतो तो बोगसलाच.

निराधारच्या प्रकरणांना मंजुरी देणारी तालुका समिती हे आणखी एक प्रकरण. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांच्या मर्जीतला कार्यकर्ता. सरकार बदललं की समित्या बरखास्त, नव्या येईपर्यंत गठ्ठे पडून. मग एके दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, ‘भाऊंच्या प्रयत्नांनी इतकी प्रकरणं मंजूर’. कायद्याने किंवा शासन निर्णयाने जे मिळायलाच हवं ते भाऊंच्या प्रयत्नांनी मिळतं, कारण भाऊंशिवाय ते मिळू नये अशीच मांडणी आहे. ‘शासन आपल्या दारी’ या 2023 च्या कार्यक्रमातही शासन आलं ते मैदानावरच्या मंडपात. दारातली माणसं एसटीच्या गाड्या भरून तिथे नेली. लोकांना योजना आपल्या आपण सापडू लागल्या तर या मंडपांचं काय होणार?

जनजागृतीला माझा विरोध नाही. गावोगावी फॉर्म भरून देणाऱ्या कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, संघटनांची पोरं यांच्यामुळेच आज जे थोडं पोचतं ते पोचतं. पण त्यांच्या कष्टाचा दाखला देऊन सरकारने हात झटकू नयेत. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे; उत्पन्नाच्या दाखल्याला 15 दिवसांची मुदत आहे, उशीर करणाऱ्याला दंडही आहे. त्याच धर्तीवर निराधारचा अर्ज नाकारताना लेखी कारण, तारीख आणि सही देणं सक्तीचं करा. तोंडी ‘त्रुटी आहे’ म्हणून परत पाठवलेली बाई आज कुठल्याच आकडेवारीत नसते. तिने अर्जच केला नाही असं धरलं जातं, आणि त्याच आकड्यांवरून पुढे कुणी तरी लिहितं की प्रतिसाद कमी आहे, लोकांना माहिती नाही.

आणि एक प्रयोग सुचवतो, त्याला नवा कायदा लागत नाही. कुठलाही एक तालुका घ्या. तिथल्या ग्रामपंचायतींच्या गेल्या तीन वर्षांच्या मृत्यूनोंदी काढा. 18 ते 59 वयाचे पुरुष वेगळे करा, रेशनच्या यादीशी ताडा, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांपैकी किती जणींना ते 20 हजार मिळाले, किती जणींना निराधारचे दीड हजार सुरू झाले, हे मोजा. ज्या यंत्रणेने 26 लाख नावं शोधून थांबवली तिला हे जड नाही. तो आकडा गावागावांच्या चावडीवर लावा. मग लोकांच्या अज्ञानाबद्दल बोलू.